न धुतलेले रोल: बॉनी आणि क्लाइड प्रकरणाचा अभ्यास

१३ एप्रिल १९३३ रोजी दुपारी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, जॉप्लिन या गावी, गॅरेजवरच्या एका भाड्याच्या घरासमोर पोलिसांच्या दोन मोटारी येऊन थांबल्या. त्या घरातली माणसे रात्री उशिरापर्यंत पत्ते कुटतात, बिअर पितात, गोंधळ घालतात आणि एकदा तर आतून गोळी सुटल्याचा आवाजही आला, अशी शेजाऱ्यांची कुरबुर होती. तेथे चोरटी दारू विकणारे लोक राहत असावेत, एवढाच पोलिसांचा अंदाज होता. पुढच्या काही मिनिटांत वेस हॅरीमन हे कॉन्स्टेबल आणि हॅरी मॅकगिनिस हे डिटेक्टिव्ह गोळ्या लागून कोसळले. दोघेही वाचले नाहीत. घरातली पाचही माणसे एका मोटारीत कोंबून बसली आणि समोरचा अडथळा ढकलून निसटली. जाताना त्यांचे जवळजवळ सगळे सामान मागे राहिले: शस्त्रांचा साठा, क्लाइडच्या भावाची तीनच आठवड्यांपूर्वीची तुरुंगातून सुटकेची कागदपत्रे, कागदावर लिहिलेली एक कविता, एक कॅमेरा आणि न धुतलेले रोल.

हे रोल ‘जॉप्लिन ग्लोब’ या स्थानिक वृत्तपत्राच्या डार्करूममध्ये धुतले गेले. बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो ही नावे त्या दिवसापर्यंत टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतील पोलीस ठाण्यांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. त्यानंतर जेमतेम तेरा महिने ती दोघे जिवंत राहिली, आणि तेवढ्या काळात ती घरोघरी पोहोचली. नव्वदहून अधिक वर्षे लोटली तरी गुन्हेगार जोडप्याचा विषय निघाला की आजही पहिले नाव त्यांचेच निघते. ही कीर्ती त्यांच्या गुन्ह्यांच्या मोठेपणामुळे आलेली नाही. त्या काळातल्या इतर टोळ्यांच्या मानाने यांची लूट किरकोळ होती. काही लहान बँका वगळल्या तर यांनी बहुतेक वेळा किराणा दुकाने, पेट्रोल पंप आणि छोटी कार्यालये लुटली, आणि हाती आलेली रक्कम पुढच्या काही दिवसांच्या जेवणाला आणि पेट्रोलला पुरेल एवढीच असे. मग ही कीर्ती आली कोठून आणि तिची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. ‘जोडी’ या आकाराने या प्रकरणातल्या दोन गोष्टी झाकून टाकल्या: मारली गेलेली माणसे आणि क्लाइडला घडवणारा तुरुंग.

आधी त्या छायाचित्रांकडे नीट पाहू. सर्वांत गाजलेल्या चित्रात बॉनी फोर्ड मोटारीच्या पुढच्या भागाला रेलून उभी आहे. एक पाय बंपरवर, कोपर दिव्यावर टेकवलेले, कमरेशी पिस्तूल, डोक्यावर टोपी आणि दातांत सिगार. दुसऱ्या चित्रात ती बंदूक क्लाइडच्या छातीवर रोखून उभी आहे आणि तो हात खाली सोडून तिच्याकडे पाहतो आहे. दोन्ही चित्रे उघड उघड गमतीने काढलेली आहेत. सहलीला गेलेली तरुण मंडळी एकमेकांचे फोटो काढतात, तशीच ही मांडणी आहे. बॉनीची उंची पाच फुटांहूनही कमी होती, आणि चित्रातील मोटारीच्या आकाराशी ताडून पाहिले की हे पटकन ध्यानात येते. ती सिगारेट ओढत असे, सिगार नव्हे. सिगार केवळ त्या फोटोपुरता तोंडात धरलेला होता. वृत्तसंस्थांमार्फत चित्र देशभर छापून आले आणि ‘सिगार ओढणारी, पिस्तूल चालवणारी बाई’ तयार झाली. बॉनीला याचा मनापासून राग होता. पुढे एप्रिल १९३४ मध्ये टोळीने ओक्लाहोमातील कॉमर्स गावचे पोलीस प्रमुख पर्सी बॉइड यांना पळवून नेले आणि काही तासांनी सोडून दिले. त्या वेळी, आपण सिगार ओढत नाही एवढे जगाला सांगा, असा निरोप तिने त्यांच्याजवळ दिला. त्याच सकाळी कॅल कॅम्बेल नावाचे साठ वर्षांचे कॉन्स्टेबल या टोळीच्या गोळ्यांनी मरण पावले होते. तिच्या निरोपाची गोष्ट आजही आवडीने सांगितली जाते, पण सांगणाऱ्याला कॅम्बेल यांचे नाव बहुधा ठाऊक नसते.

दोघांच्या पूर्वायुष्यात दंतकथेला साजेसे काही नाही. बॉनीचा जन्म १ ऑक्टोबर १९१० रोजी टेक्सासमधील रोवेना येथे झाला. वडील गवंडी होते. ती चार वर्षांची असताना ते वारले आणि आई मुलांना घेऊन डॅलसच्या पश्चिमेकडील सिमेंट सिटी या कामगार वस्तीत आली. बॉनी अभ्यासात हुशार होती, कविता करत असे. सोळावे वर्ष पूर्ण होण्याआधीच तिने रॉय थॉर्नटन याच्याशी लग्न केले. तो पुढे तुरुंगात गेला, संसार मोडला, पण घटस्फोट झाला नाही. मरताना तिच्या बोटात अंगठी थॉर्नटनची होती. जिला जग क्लाइडची जोडीदारीण म्हणून ओळखते, ती कायद्याने अखेरपर्यंत दुसऱ्याचीच पत्नी राहिली.

क्लाइडचा जन्म २४ मार्च १९०९ चा. एलिस परगण्यातील कुळाने शेती करणाऱ्या कुटुंबातील सात भावंडांपैकी तो पाचवा. शेती सुटली तेव्हा हे कुटुंब वेस्ट डॅलसमध्ये आले आणि सुरुवातीचे काही महिने आपल्या घोडागाडीखालीच राहिले. वडिलांनी पैसे साठवून तंबू घेतला, तेवढी त्यांची बढती. क्लाइडला पहिली अटक १९२६ च्या अखेरीस झाली, तीही भाड्याने घेतलेली मोटार वेळेवर परत केली नाही म्हणून. दुसरी अटक थोरला भाऊ बक याच्याबरोबर, चोरीच्या टर्की पक्ष्यांवरून. त्यानंतर तिजोऱ्या फोडणे आणि मोटारी चोरणे सुरू झाले. जानेवारी १९३० मध्ये एका मित्राच्या घरी त्याची आणि बॉनीची भेट झाली. काही आठवड्यांतच त्याला पकडण्यात आले. वेको येथील तुरुंगात बॉनीने चोरून पिस्तूल पोहोचवले, तो पळाला आणि आठवड्याभरात ओहायोमध्ये पुन्हा सापडला.

येथून या प्रकरणाचा खरा गाभा सुरू होतो, आणि लोकप्रिय कथनांत नेमका हाच भाग सर्वांत कमी जागा घेतो. १९३० साली क्लाइडची रवानगी टेक्सासच्या ईस्टहॅम तुरुंग-शेतीवर झाली. तेथे कैद्यांना कापसाच्या शेतात राबवले जाई, मारहाण रोजची होती, आणि विश्वासू कैद्यांच्या हाती इतर कैद्यांवर सत्ता दिलेली असे. एका दांडग्या कैद्याने क्लाइडवर वारंवार लैंगिक अत्याचार केले. अखेर क्लाइडने लोखंडी नळीने त्याचे डोके फोडून त्याला ठार केले. हा त्याच्या हातून झालेला पहिला खून. आधीच दीर्घ शिक्षा भोगत असलेल्या दुसऱ्या एका कैद्याने तो स्वतःवर घेतला. जानेवारी १९३२ मध्ये शेतातले काम चुकवण्यासाठी क्लाइडने आपल्या डाव्या पायाची दोन बोटे कुऱ्हाडीने तोडून घेतली. त्याच्या आईने केलेल्या अर्जावर गव्हर्नरांनी पॅरोल आधीच मंजूर केला होता, याची त्याला कल्पना नव्हती. सहा दिवसांनी, २ फेब्रुवारी १९३२ रोजी, तो कुबड्यांवर बाहेर पडला. त्यानंतर तो लंगडतच चालला, आणि मोटार चालवताना बूट काढून ठेवत असे. त्याचा सहकैदी राल्फ फल्ट्स याने पुढे सांगितले की, आपल्या डोळ्यांदेखत एका शाळकरी पोराचा विषारी साप झाला.

बाहेर आल्यावर क्लाइडला श्रीमंत व्हायचे नव्हते. ईस्टहॅमवर छापा घालून कैदी सोडवायचे आणि पहारेकऱ्यांचा सूड घ्यायचा, ही त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी शस्त्रे, माणसे आणि पैसा हवा होता. हे ध्यानात घेतले की पुढच्या दोन वर्षांचा क्रम निराळा दिसू लागतो. एप्रिल १९३२ मध्ये कॉफमन येथे हार्डवेअरच्या दुकानातून बंदुका चोरण्याचा प्रयत्न फसला आणि बॉनी पकडली गेली. जूनपर्यंत ती कोठडीत होती. खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्युरीने, तिच्यावर आरोप ठेवला नाही आणि ती सुटली. ती आत असतानाच हिल्सबरो येथे एका दुकानदाराचा, त्याच्याच दुकानात, खून झाला. ऑगस्टमध्ये ओक्लाहोमातील स्ट्रिंगटाउन येथे एका नाचाच्या कार्यक्रमाबाहेर डेप्युटी युजीन मूर मारले गेले. नाताळच्या दिवशी टेम्पल गावात एका तरुण बापाची मोटार चोरताना तो आडवा आला म्हणून त्याला गोळी घातली गेली. त्या वेळी टोळीत नुकताच दाखल झालेला डब्ल्यू. डी. जोन्स हा मुलगा सोळा वर्षांचा होता. टोळीत येऊन त्याला एकच दिवस झाला होता.

मारल्या गेलेल्यांची संख्या बाराच्या आसपास भरते. त्यांत नऊ जण पोलीस किंवा तुरुंगाचे अधिकारी होते. मंदीच्या काळात बँकांनी हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त केल्या होत्या आणि बँक लुटणाऱ्यांविषयी सामान्य माणसाला सहानुभूती वाटत होती, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते काळाविषयी खरे आहे. या दोघांना मात्र ते फारसे लागू पडत नाही. यांच्या गोळीला बळी पडलेला माणूस बँकेचा संचालक नव्हता. तो किराणा दुकानदार होता, गावचा कॉन्स्टेबल होता, स्वतःची मोटार वाचवू पाहणारा बाप होता. म्हणजे बॅरो कुटुंब ज्या थरातले, त्याच थरातला. गरिबांचे कैवारी ही प्रतिमा कशीबशी उभी करायची तर या माणसांचा उल्लेख टाळावाच लागतो, आणि तो टाळला गेला.

‘जोडी’ हा शब्दही तपासून घ्यावा लागेल. प्रत्यक्षात ही एक सतत बदलत राहणारी टोळी होती. क्लाइडचा भाऊ बक, त्याची पत्नी ब्लांश, जोन्स, रेमंड हॅमिल्टन, हेन्री मेथविन अशी माणसे येत-जात राहिली. जोन्सने बऱ्याच वर्षांनी सांगितले की, तो बरोबर असताना झालेल्या मोठ्या चकमकींत बॉनीने एकदाही गोळी झाडली नाही, बंदुका भरून देण्याचे काम मात्र ती करत असे. म्हणजे फोटोतली पिस्तूलवाली बाई हे तिचे नाटक होते. तरी यामुळे ती निर्दोष ठरत नाही. पुढे काय होणार याची कल्पना असूनही ती दोन वर्षे त्याच मोटारीत बसून राहिली. पण तिची जबाबदारी मोजायची तर ती तिच्या कृत्यांवरून मोजली पाहिजे, फोटोवरून नव्हे. पुरुष दरोडेखोर एकटा असला की त्याची बातमी गुन्ह्याची होते. शेजारी तरुण स्त्री उभी राहिली की त्याच बातमीला प्रेमकथेचा वास येतो आणि वाचक गुन्ह्यापेक्षा त्या दोघांमधल्या नात्याची चौकशी अधिक करतो. वृत्तपत्रांना हे १९३३ मध्येच उमगले होते.

प्रत्यक्षातले सहजीवन कसे होते, तेही पाहू. १० जून १९३३ रोजी टेक्सासमधील वेलिंग्टनजवळ, पूल दुरुस्त होत असल्याची सूचना क्लाइडच्या नजरेतून सुटली आणि मोटार खोलगट जागेत उलटली. बॅटरीतले आम्ल बॉनीच्या उजव्या पायावर सांडले. मांस खोलवर भाजून पाय कायमचा आखडला. त्यानंतर ती एका पायावर लंगडी घालत चाले, नाहीतर क्लाइड तिला उचलून नेई. हॉटेलात राहणे धोक्याचे म्हणून मोटारीत झोपणे, ओढ्याच्या थंड पाण्यात आंघोळ, शिळे सँडविच, जखमांना स्वतःच बांधलेल्या पट्ट्या, असे ते दिवस होते. जुलैमध्ये आयोवातील डेक्सटरजवळ पोलिसांनी घेरले तेव्हा बक जखमी अवस्थेत पकडला गेला आणि २९ जुलैला मरण पावला. ब्लांशच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि तिला दहा वर्षांची शिक्षा झाली. लोकप्रिय संस्कृतीत या जोडीचे कपडे, टोपी, मोटार, चुंबने सगळे शिल्लक राहिले. बॉनीचा भाजलेला पाय मात्र कोणालाच नको झाला. तो दाखवला तर पुढच्या अर्ध्या कथेत नायिकेला उचलून न्यावे लागेल.

१६ जानेवारी १९३४ रोजी क्लाइडने ईस्टहॅमवर छापा घालून रेमंड हॅमिल्टन, हेन्री मेथविन आणि इतर काही कैद्यांना पळवून लावले. त्यात जो क्राउसन हे अधिकारी गोळी लागून मरण पावले. सूड पुरा झाला, पण त्याच छाप्याने त्याचा शेवट ठरवला. टेक्सासच्या तुरुंगांचे प्रमुख ली सिमन्स यांनी फ्रँक हेमर या टेक्सास रेंजर्स या राज्य पोलीस दलातील नावाजलेल्या माजी अधिकाऱ्याला या दोघांच्या मागावर नेमले. ज्या मेथविनला क्लाइडने सोडवले, त्याच्याच कुटुंबाने पुढे पोलिसांशी बोलणी केली.

त्याआधी आला ईस्टरचा रविवार, १ एप्रिल १९३४. डॅलसजवळ ग्रेपव्हाइन येथे डव्ह रोडच्या वळणावर एक मोटार उभी दिसली. आत बसलेल्यांना मदत हवी असेल असे वाटून महामार्ग पोलिसांच्या मोटारसायकली तिकडे वळल्या. एडवर्ड व्हीलर आणि एच. डी. मर्फी हे दोन शिपाई तेथे मारले गेले. पहिली गोळी मेथविनने झाडली असे मानले जाते. मर्फी यांचा मोटारसायकलवरच्या गस्तीचा तो पहिला दिवस होता. त्यांचे लग्न ठरलेले होते, आणि त्यांची वाग्दत्त वधू लग्नाचा पोशाख घालून अंत्यविधीला आली. एका शेतकऱ्याने दुरून पाहिल्याचे सांगून बॉनीने पडलेल्या शिपायावर हसत गोळ्या झाडल्याचे वर्णन केले. त्याचे म्हणणे नंतर टिकले नाही, पण तोवर ते सर्वत्र छापून आले होते. लोकमत उलटले. महामार्ग पोलिसांच्या प्रमुखांनी इनाम जाहीर केले, तेही पकडून देण्यासाठी नव्हे, तर दोघांच्या मृतदेहांसाठी. ज्या वृत्तपत्रांनी सिगारच्या फोटोतून बॉनीला मोहक बनवले, त्यांनीच एका न तपासलेल्या साक्षीवरून तिला राक्षसीण केले. दोन्ही वेळा चित्र खोटे होते, आणि दोन्ही वेळा अंक खपले.

२३ मे १९३४ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास लुइझियानातील गिब्सलँडजवळच्या रस्त्यावर हेमर यांच्यासह सहा अधिकारी झुडपांत दबा धरून बसले होते. मेथविनच्या वडिलांचा ट्रक रस्त्याच्या कडेला, चाक काढून, बिघाड झाल्यासारखा उभा केला होता. ओळखीचा ट्रक पाहून क्लाइडने फोर्डचा वेग कमी केला. सुमारे १३० गोळ्या झाडल्या गेल्या. परगण्याच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, क्लाइडच्या शरीरावर १७ आणि बॉनीच्या शरीरावर २६ जखमा नोंदवल्या. मोटारीत शस्त्रांच्या ढिगाबरोबर क्लाइडचा सॅक्सोफोन सापडला.

पुढचे काही तास वाचताना मन विषण्ण होते. मृतदेह मोटारीतच असताना आठवण म्हणून वस्तू गोळा करणारे लोक जमले. कोणी बॉनीचे केस कापले, कोणी तिच्या कपड्याचा तुकडा, आणि एकाने क्लाइडचा कान कापण्याचा प्रयत्न केला. मृतदेह आर्केडिया येथील फर्निचरच्या दुकानामागे चालणाऱ्या अंत्यविधीच्या जागेत नेण्यात आले. दोन हजार वस्तीच्या त्या गावात काही तासांत बारा हजारांच्या आसपास माणसे लोटली. शवांवर प्रक्रिया करायला आलेल्यांत रस्टन गावचा एच. डी. डार्बी हा तरुण होता. वर्षभरापूर्वी याच टोळीने त्याची मोटार चोरली होती आणि त्यालाही काही तास पळवून नेले होते. तो प्रेतांवर अंत्यसंस्कारपूर्व काम करतो हे कळल्यावर, एक दिवस तू आमच्यावरही काम करशील, असे म्हणून बॉनी तेव्हा हसली होती.

डॅलसमध्ये बॉनीच्या अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक जमले. सर्वांत मोठे पुष्पचक्र कोणी पाठवले, हे या प्रकरणाच्या अभ्यासकाने विसरू नये. ते शहरात वृत्तपत्रे विकणाऱ्या पोरांनी पाठवले होते. दोघांच्या मृत्यूच्या बातमीवर डॅलसमध्ये सुमारे पाच लाख प्रती खपल्या होत्या. त्या पोरांची कृतज्ञता खरी होती, आणि या जोडीचे व जनतेचे नाते नेमके कशावर उभे होते हे त्या एका पुष्पचक्राइतके स्वच्छ दुसऱ्या कशातून दिसत नाही.

आपली दंतकथा घडवण्यात बॉनीचा स्वतःचाही हात होता, आणि तो मान्य करायलाच हवा. मृत्यूच्या काही आठवडे आधी तिने आईच्या हाती एक लांब कविता दिली. आपल्याला शेजारी शेजारी पुरतील, मोजक्या लोकांना दुःख होईल, पोलिसांना सुटल्यासारखे वाटेल, असे तिने त्यात लिहिले. मृत्यूनंतर ती वृत्तपत्रांत छापली गेली. स्वतःच्या बातम्या ती वाचत होती, त्यांतल्या चुका तिला बोचत होत्या आणि आपली कथा आपल्या शब्दांत राहावी असे तिला वाटत होते. बाई हुशार होती. तिच्या आईने मात्र भाकीत खरे होऊ दिले नाही. जिवंतपणी त्याने तिला नेले, आता नाही, अशा निर्धाराने तिने मुलीला वेगळ्या दफनभूमीत ठेवले. क्लाइड आपल्या भावाशेजारी आहे. शिवाय दोन्ही घरांच्या आयांना १९३५ मध्ये, आपल्याच मुलांना आसरा दिल्याबद्दल, तीस तीस दिवस तुरुंगात काढावे लागले. त्या खटल्यात एकूण वीस नातेवाईक आणि मित्र होते.

तीसेक वर्षे ही कथा बाजूला पडल्यासारखी होती. फरारी जोडप्यांवर हॉलिवूडमध्ये अधूनमधून चित्रपट निघत राहिले, पण या दोघांना पुन्हा जगभर नेले ते १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटाने. दिग्दर्शक आर्थर पेन, प्रमुख भूमिकांत फे डनावे आणि वॉरन बेटी. निर्माताही बेटीच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याला झोडपले, पॉलीन केल यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याची जोरदार पाठराखण केली. चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकने मिळाली आणि ब्लांशच्या भूमिकेसाठी एस्टेल पार्सन्स यांना, तसेच छायाचित्रणासाठी बर्नेट गफी यांना पुरस्कार मिळाला. व्हिएतनाम युद्धाने अस्वस्थ झालेल्या तरुण पिढीला या दोघांत आपला बंडखोरपणा दिसला. थिओडोरा व्हॅन रंकल यांनी घडवलेल्या पोशाखांमुळे बेरे टोप्यांची मागणी वाढली.

हा चित्रपट उत्तम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. शेवटचा गोळीबार निरनिराळ्या वेगांनी चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेला आहे आणि तो पाहताना हिंसेची मौज वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटात फ्रँक हेमर या टोळीच्या हाती सापडतात, त्यांचा अपमान केला जातो आणि पुढचा सापळा त्या अपमानाचा सूड ठरतो. वास्तवात त्या सकाळच्या आधी हेमर आणि ही दोघे समोरासमोर कधीच आली नव्हती. हेमर यांच्या पत्नीने आणि मुलाने निर्मात्यांवर दावा लावला, आणि १९७१ मध्ये तडजोड झाली. ब्लांश तेव्हा हयात होती. पडद्यावरची किंचाळणारी बाई म्हणजे आपण, हे तिला अतिशय लागले. ईस्टहॅमचा उल्लेख चित्रपटात तोडलेल्या बोटांपुरता येऊन जातो. प्रेक्षकाच्या हाती उरते ती दोन सुंदर माणसांची पळापळ आणि त्यांचा करुण शेवट. मरणाऱ्या पोलिसांना चेहरा नाही. या जोडीच्या मृत्यूला मिळालेला वेळ इतर सर्वांच्या मृत्यूला मिळून मिळालेला नाही.

या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो. २००५ मध्ये शाद अली यांचा ‘बंटी और बबली’ हा हिंदी चित्रपट आला. मुळातल्या रक्तपाताचा तेथे मागमूस नव्हता. लहान गावांतून निघालेली, ताजमहाल विकून दाखवणारी ही दोघे कोणाचा जीव घेत नाहीत, आणि करमणूक म्हणून त्यात काही वावगेही नव्हते. पण त्यानंतर मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांना एक तयार मथळा मिळाला. जोडीने चोरी किंवा फसवणूक केली की ‘बंटी-बबली गजाआड’, ‘बंटी-बबलीचा गंडा’, ‘बंटी-बबली जेरबंद’. वयाचे, गुन्ह्याचे, परिस्थितीचे कोणतेही भान न ठेवता हे लेबल लावले जाते. नवराबायको असोत, मित्र असोत वा एकाच टोळीतली दोन माणसे असोत, एक पुरुष आणि एक स्त्री एवढे पुरते. बातमी उघडली की आत नोकरीचे आमिष दाखवून बुडवलेली बेरोजगार मुले असतात, घर भाड्याने पाहण्याच्या निमित्ताने आत शिरून लुटलेली एकटी वृद्धा असते. तिची आयुष्याची पुंजी गेलेली असते आणि मथळा वाचकाच्या ओठांवर हसू आणण्याचे काम करत असतो. बातमी लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रात्री मथळ्याला जागा थोडी असते आणि ओळखीचा शब्द चटकन सुचतो. जॉप्लिनमध्ये फोटो धुणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता.

‘बंटी-बबली’ऐवजी ‘दाम्पत्याला अटक’ किंवा ‘दोघांवर गुन्हा’ असे लिहिल्याने बातमीचे काहीही कमी होत नाही. ज्याला फसवले त्याचे म्हणणे पहिल्या परिच्छेदात आले, तर जोडीच्या नात्याकडे वळण्याआधी वाचकाला नुकसान कळते. एवढा बदल कोणत्याही उपसंपादकाच्या हातातला आहे.

वस्तूंचा बाजार मात्र अजून जोरात आहे. गोळ्यांनी चाळण झालेली ती फोर्ड मोटार टोपेका शहरातून चोरलेली होती. मूळ मालकिणीला ती परत मिळवण्यासाठी शेरीफशी कायदेशीर झगडा करावा लागला, मग ती जत्रांतून फिरवली गेली आणि पुढे नेवाडा राज्यातील कॅसिनोत मांडली गेली. २०१२ मधील लिलावात बॉनीच्या मांडीला बांधलेले सापडलेले पिस्तूल २ लाख ६४ हजार डॉलरना गेले, क्लाइडचे २ लाख ४० हजारांना. दोघांनी हयातभर लुटलेल्या रकमेशी या आकड्यांची तुलना करून पाहावी. गिब्सलँडमध्ये, त्या सकाळी त्यांनी जेथून सँडविच घेतले त्या इमारतीत आता संग्रहालय आहे, आणि दर वर्षी मे महिन्यात तेथे उत्सव भरतो, गोळीबाराचा प्रसंग पुन्हा वठवला जातो. घटनास्थळीचा दगडी स्तंभ आठवण म्हणून टवके काढून नेणाऱ्यांनी आणि त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांनी विद्रूप केला आहे.

डव्ह रोडवरही एक दगड आहे. व्हीलर आणि मर्फी जेथे पडले त्या जागेजवळ, १९९६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर बासष्ट वर्षांनी तो बसवण्यात आला. त्याच्यावर त्या दोन शिपायांची नावे कोरलेली आहेत.